नरहर मास्तरांच्या सुधारलेल्या बासऱ्या

नरहर मास्तरांनी आयुष्यात एकही बासरी वाजवली नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर वाचणारा उगीच सुरांची वाट बघत बसायचा. त्यांनी बासऱ्या विकत घेतल्या, तासल्या, डागल्या, तेलात बुडवल्या, दोऱ्यानं आवळल्या आणि ओळखीच्या माणसांना वाटून टाकल्या. तोंडाला लावली तर ती कुठं चुकली एवढं कळण्यापुरती. एक सूर काढायचा, कपाळाला आठ्या घालायच्या आणि म्हणायचं, "दुरुस्तीला वाव आहे." त्या काळी जुन्या जालन्यात आमच्या गल्लीतल्या बहुतेक घरांत मास्तरांनी दुरुस्त केलेली एखादी बासरी खुंटीला लटकलेली असायची. तिथून ती कुणी कधी काढत नसे, कारण दुरुस्तीनंतर ती वाजत नसे.

आम्ही दोघं एकाच सरकारी मदरशात मुदर्रिस होतो. मदरसा म्हणजे शाळा, मुदर्रिस म्हणजे मास्तर. निजामाच्या राज्यात आमचं सगळं असं उर्दूतून चालायचं; घरी येऊन मराठीत श्वास घ्यायचा. मी मराठी शिकवायचो, ते गणित. मी त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान, पण माझी नोकरी मुस्तकिल, म्हणजे कायम. ते मात्र अकरा वर्षांपासून मुंसरिम, म्हणजे हंगामी. रजेवर गेलेल्या एका मास्तराच्या जागी त्यांना तात्पुरतं बसवलं होतं. तो बिचारा रजेतच वारला. पण तो वारल्याचा कागद वर कुठं तरी अडकला, त्यामुळं दफ्तरात त्याची रजा चालूच राहिली. दरवर्षी हुकूम यायचा, की मूळ इसम रुजू होईपर्यंत नरहर मास्तरांनी काम बघावं. मूळ इसम काही रुजू होण्यातला नव्हता, हे जालन्यातल्या लहान पोराला ठाऊक होतं. फक्त सरकारला ठाऊक नव्हतं.

मास्तरांना याचं काहीच वाटायचं नाही. वाटायचं ते गोदावहिनींना, त्यांच्या बायकोला. मदरशाच्या भिंतीला लागूनच त्यांचं भाड्याचं घर होतं. अकरा वर्षांत वहिनींनी त्या घरात उखळ पुरलं नव्हतं. दगडी उखळ माहेराहून आलेलं, ते दाराआड आडवं पडलेलं. नोकरी कायम झाल्याशिवाय ते जमिनीत बसवायचं नाही, असा त्यांचा पण होता. उद्या हुकूम आला, चला उठा, तर पुरलेलं उखळ काय उपसून न्यायचं, असं त्या विचारायच्या. त्यामुळं मिरच्या कांडायला त्या मुसळ घेऊन आमच्या घरी येत. आमच्या घरात तिखट दोनदा खोकलं जायचं, एकदा आमचं आणि एकदा त्यांचं. कांडताना त्या माझ्या बायकोला सांगायच्या, की बाकी काही नको, एकदा ह्यांच्या नावापुढचं ते मुंसरिम निघू द्या.

आता मास्तरांची खरेदी सांगतो. आठवडी बाजारात कादराबादचे लालूमियाँ टोपलीभर अलगुजं आणि बासऱ्या घेऊन बसायचे. अलगूज म्हणजे तोंडात धरून उभी फुंकायची, हे कुणाला सांगायला नको. पोरं जत्रेत तिलाच शिट्टी म्हणून घेतात. माल अगदी स्वस्तातला. पेरं बुरुडाकडून उरलीसुरली आणायची, आणि भोकं पाडायची ती लालूमियाँच्या अंगठ्याच्या मापानं. मास्तर टोपलीपाशी उकिडवे बसले, की माझा तास गेला म्हणून समजायचं. ते प्रत्येक बासरीतून आभाळ बघत. नखानं टकटक करत. मातीवर घरंगळत सोडून ती सरळ जाते का बघत. मग खिशातून ज्वारीचा दाणा काढून तिच्या एका तोंडातून सोडत आणि तो दुसरीकडून किती वेळात पडतो ते मनात मोजत. एवढी परीक्षा झाल्यावर टोपलीतली सगळ्यात वाईट बासरी उचलत.

पहिल्यांदा मला वाटलं, माणूस फसला. नंतर वाटलं, माणूस कंजूष आहे. शेवटी विचारलंच. मास्तर माझ्याकडं आश्चर्यानं बघायला लागले. म्हणाले, "चांगली घेऊन तिचं करायचं काय?"

लालूमियाँनी हे माझ्या आधी ओळखलं होतं. चिरलेल्या, किडलेल्या, वाकड्या बासऱ्या ते फडक्यात वेगळ्या बांधून ठेवत आणि मास्तर दिसले की अदबीनं सोडत. "मास्टरसाब, ये तुमारेच वास्ते रख को छोड्या." जालन्यात असं गिऱ्हाईक दुसऱ्या कुणाला मिळालं नसेल. मास्तर मात्र त्यांच्यावरही खूश नव्हते. भोकांमधलं अंतर चुकतं, असं ते दर बाजारी सांगायचे. लालूमियाँ म्हणायचे, की हे माप बापजाद्यांपासून याच अंगठ्याचं आहे. मास्तरांनी एकदा दोरा काढून त्यांचा अंगठा मोजला, आपल्या वहीतल्या आकड्याशी ताडून बघितला आणि निकाल दिला, की चूक अंगठ्यातच आहे. लालूमियाँनी अंगठा उलटासुलटा करून बघितला आणि ते पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळले. मोठ्या माणसाशी वाद घालू नये एवढं त्यांना कळत होतं.

घरी गेल्यावर दुरुस्ती सुरू व्हायची. चुलीत लोखंडी तार लाल करायची आणि भोक मोठं करायचं. आतली कुसळं काचकागदानं घासायची. मग बासरी करडईच्या तेलात आठवडाभर बुडवायची, म्हणजे ती उन्हाळ्यात तडकत नाही. बासरी बुडेल एवढं उभं भांडं घरात एकच, लोणच्याची बरणी. एका साली मास्तरांनी भरल्या बरणीत, आंब्याच्या फोडींच्या मधोमध, तीन बासऱ्या खुपसल्या. तेलच तर आहे, असं त्यांचं म्हणणं. त्या वर्षी त्यांच्या घरच्या लोणच्याला वेळूचा वास होता आणि बासऱ्यांना मोहरीचा. एक बासरी त्यांनी मला भेट दिली. मी फुंकून बघितली आणि दिवसभर ओठ झोंबत राहिले. वहिनींनी बरणी उचलून उंच फळीवर ठेवली. मास्तरांनी ती फळी जरा तिरकी आहे म्हणून दुरुस्त करायला घेतली. पुढचं सांगत नाही.

एवढं सगळं हसण्यावारी न्यायचं. पण एक गोष्ट मला हसण्यावारी नेता आली नाही. कापसाच्या हंगामात जाफराबादकडच्या गाड्या नव्या जालन्यात जिनापुढं, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यापुढं, रांगेनं उभ्या राहायच्या. आपली पाळी येईपर्यंत गाडीवान तिथंच पडून असायचे. त्यांतला एक जण, सखाराम नावाचा, जुवाला टेकून बासरी वाजवायचा. बासरी कसली, नळकांडं होतं. पण काय वाजवायचा तो गडी! येणारे-जाणारे हमाल पाठीवर गठ्ठा घेऊन उभे राहायचे. मी मास्तरांना मुद्दाम घेऊन गेलो, म्हटलं जरा कानाला सुख होऊ द्या. मास्तर डोळे मिटून ऐकत राहिले. मला वाटलं, लागली समाधी. डोळे उघडून ते सखारामला म्हणाले, तिसरं भोक चढं बोलतं, एक दिवस बासरी द्या, दुरुस्त करून देतो. शिकलेला माणूस मागतो म्हटल्यावर त्यानं दिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही ती परत नेली. कडेला मेण लावून भोक लहान केलेलं, वर लाल दोरा, तेलानं चकचकीत. सखारामनं तोंडाला लावली, फुंकली, थांबला. परत फुंकली. तिसरा सूर आला की सगळं वाकडं जायचं. त्यानं बासरी मांडीवर ठेवली. मास्तरांनी समजावलं, की आता ती बराबर आहे, आधी तिसरं भोक चुकीचं होतं.

"ते मला ठाऊक व्हतं, मास्तर," सखाराम म्हणाला. "म्हून तर मी तिथं बोट अर्धंच उचलत व्हतो."

तो रागावला नव्हता. माझ्या तोंडून मात्र शिवी निघायची बाकी होती.  घरी जाऊन मास्तरांनी आपल्याकडच्या तीन बासऱ्या आणल्या आणि त्याला नेऊन दिल्या. त्यानं त्या घेतल्या, गाडीत कापसावर ठेवल्या आणि बैलांना पेंड घालायला लागला. त्या दिवसानंतर त्या जिनापुढं मी बासरी ऐकली नाही. मास्तरांनी दुसऱ्याच्या हातातली वाजती बासरी पुन्हा मागून घेतली नाही, एवढा फायदा झाला.

मग आलं ते मोहतमीमसाहेबांचं प्रकरण. मोहतमीमसाहेब म्हणजे शिक्षणखात्याचे तपासनीस. ते चैत्रात तपासणीला येणार, असं पत्र आलं आणि आमच्या हेडमास्तरांचं, सदरसाहेबांचं, जेवण तुटलं. साहेब आले की निजामाच्या सलामीची चाल वाजली पाहिजे. मोठ्या शहरांतल्या मदरशांत पितळी बिगुलं होती. आमच्याकडं फुटकी घंटा. तेव्हा नरहर मास्तर उठून म्हणाले, की मी वेळूच्या अलगुजांवर पोरांकडून सलामी बसवून देतो. सदरसाहेबांनी त्यांना मिठी मारायचंच बाकी ठेवलं. पुढं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की साहेब खूश झाले तर मास्तरांना कायम करायची शिफारस तिथल्या तिथं लिहून घेऊ. मेलेल्या इसमाची रजा साहेबांच्या एका सहीनं संपते. हे मी वहिनींना सांगितलं. त्या दिवशी त्यांनी दाराआडचं उखळ पाण्यानं स्वच्छ धुतलं.

मास्तरांनी लालूमियाँची सगळी टोपलीच उचलली, चांगल्या-वाईटासकट. महिनाभर घरात धूर. वीस अलगुजं एका सुरात बोलायची म्हणजे प्रत्येकाचं प्रत्येक भोक जुळवायचं. भोक मोठं करता येतं, सूर चढतो. पण चढला जास्त तर उतरवायचा कसा? भोकाच्या कडेला मेण लावून ते लहान करायचं. मास्तरांनी तेल मुरवलेल्या अलगुजांना आतून मेणाच्या कडा दिल्या. खरं सांगतो, आदल्या दिवशी पोरांनी वाजवून दाखवलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. वीस तोंडं आणि सूर एक. मास्तरांनी ऐकलं आणि पहिल्यांदाच वाव वगैरे काही म्हटलं नाही.

त्याच संध्याकाळी वहिनींनी मला बोलावून घेतलं. मास्तरांना समोर बसवलं. म्हणाल्या, "भावजी, तुम्ही साक्षीला. उद्या साहेब काहीबी म्हणू द्या, ह्यांनी फकस्त जी हुजूर म्हणायचं. दुसरा शब्द न्हाई." मास्तरांनी मान डोलावली. वहिनींनी ते तोंडानं म्हणायला लावलं. मास्तर म्हणाले, "जी हुजूर."

साहेब सकाळी आठला येणार होते. आमच्याकडची रीत अशी, की तपासणीच्या ज्या वस्तू असतील त्या पांढऱ्या फडक्यावर ओळीनं मांडायच्या, प्रत्येकीपुढं चिठ्ठी लावायची आणि साहेबांची नजर पडेपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. सातपासून वीस अलगुजं मैदानात फडक्यावर मांडली. आठ झाले, दहा झाले. साहेब डाकबंगल्यावर नाश्ता करत असल्याची वर्दी आली. बारा वाजता जेवत असल्याची आली. मग वामकुक्षी. चैत्रातलं जालन्याचं ऊन, पायाखालची माती भाजत होती. मास्तर दोनदा सदरसाहेबांकडं गेले, की अलगुजं सावलीत घेऊ द्या, आतलं मेण ढिलं पडतंय. सदरसाहेब म्हणाले, की मांडलेला मुलाहिजा, म्हणजे तपासणीचा माल, हलवायचा नाही, साहेब कोणत्याही क्षणी येतील. मी घामाघूम होऊन उभा होतो. पण मास्तर ज्या नजरेनं त्या फडक्याकडं बघत होते, ते बघून मला स्वतःच्या घामाची लाज वाटली.

साहेब तीनला आले. पोरांनी अलगुजं उचलली, हात भाजले तरी तोंडाला लावली, आणि सलामी सुरू झाली. तेलावरून मेण घसरलं होतं. कुणाचं भोक बुजलं, कुणाचं उघडं पडलं, कुणाच्या फुंकण्यातून नुसता वारा. वीस अलगुजं वीस वाटांनी निघाली. रस्त्यावरच्या टांग्याचं घोडं बिथरलं. सदरसाहेबांचा चेहरा राखेसारखा झाला, कारण सलामी बेसूर वाजवणं म्हणजे कुणाचा अपमान, हे सांगायला नको. आणि मोहतमीमसाहेब? जेवण अंगावर आलेलं, डोळे अर्धे मिटलेले. पण सलामी आहे एवढं ओळखून ते उभे राहिले, हात कपाळाला लावला, शेवटपर्यंत तसेच राहिले. त्यांना उभं बघून आम्हीही उभे, हात कपाळाला. बेसूर तर बेसूर, मान द्यायचा तो दिला.

संपल्यावर साहेब म्हणाले, बहोत खूब. हे कुणी बसवलं? मास्तर पुढं झाले. सदरसाहेबांनी घाईघाईनं सांगितलं, की हे अकरा वर्षांपासून मुंसरिम आहेत. साहेबांना वाईट वाटलं. त्यांनी कारकुनाला दौत आणायला सांगितली. वेळूच्या शिट्ट्यांतून एवढं काम काढणारा माणूस हंगामी राहतो, हे बरोबर नाही, म्हणाले. मास्तर म्हणाले, "जी हुजूर." टाक दौतीत बुडाला. सलामी उत्तम झाली, म्हणाले. मास्तरांनी ओठ चावला आणि म्हणाले, "जी हुजूर." मी मनातल्या मनात वहिनींना नमस्कार घातला. तेवढ्यात साहेबांनी एक अलगूज हातात घेतलं, फिरवून बघितलं आणि सांगितलं, की आता ही अशीच राहू द्या. बिलकुल बराबर आहेत, यांना पुन्हा हात लावायचा नाही.

मास्तर आणखी एक पाऊल पुढं सरकले. मी मागून त्यांचा अंगरखा ओढला.

"हुजूर, बराबर न्हाईत," मास्तर म्हणाले.

आणि मग ते थांबेनात. त्यांनी एकेक अलगूज उचललं, फुंकून दाखवलं, याचं दुसरं बुजलंय, याचं चौथं उघडं पडलंय, याचा आवाजच गेला, असं वीसच्या वीस अलगुजांचं पोस्टमार्टम उर्दूत, सविस्तर, साहेबांपुढं केलं. सलामी सुरात नव्हती हेही सांगितलं. काल सुरात होती, हेही. साहेब हळूहळू जागे होत गेले. वाईट कामाला साहेब माफ करतो. पण वाईट कामाला आपण सगळ्यांपुढं वाहवा म्हटलं, हे जो दाखवून देतो त्याला माफ करत नाही. त्यांनी टाक फडक्याला पुसला, पुन्हा दौतीत बुडवला आणि तपासणीच्या वहीत एकच ओळ लिहिली, की मुदर्रिसला आपल्या कामाबद्दल स्वतःलाच खात्री नाही, सबब शिफारस मुल्तवी. मुल्तवी म्हणजे पुढं ढकलली. किती पुढं, ते लिहिलं नव्हतं.

मला मास्तरांचा राग आला होता. आजही थोडा आहे. दोन शब्द, फक्त दोन शब्द तोंडात धरून ठेवायचे होते. वहिनींनी तर तीन दिवस त्यांच्याशी अबोला धरला, आणि चौथ्या दिवशी तो सोडला तो न बोललेलं वसूल करायला. त्यानंतर आठ वर्षं आमच्या उखळात मिरच्या कांडल्या गेल्या आणि प्रत्येक घावासरशी आम्ही तीच कथा ऐकली. एक शब्द गिळता आला न्हाई ह्यांना. सगळी दुनिया गिळती, ह्यांच्याच घशाला काय झाल्तं?  मास्तर बाजारात जात, वाईटातली वाईट बासरी आणत आणि तार तापवत बसत.

पुढं रझाकारांचे दिवस आले, गावं भ्याली, मदरसा बंद पडला, उघडला, पुन्हा बंद पडला. मग पोलीस अ‍ॅक्शन झाली आणि चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य गेलं. त्याच्या जागी जे आलं ते सरकारही तात्पुरतंच होतं. कायमचं सरकार नंतर नेमलं जाणार होतं. म्हणजे आता खुद्द सरकारच मुंसरिम. आणि त्या मुंसरिम सरकारनं, बसल्या बसल्या, वर अडकलेले सगळे कागद एका फटक्यात मोकळे केले. त्यात मेलेल्या इसमाची रजा संपली आणि नरहर मास्तर कायम झाले.

त्याच टपालात माझी अंबडला बदली झाल्याचा कागद होता. दोन्ही कागद घेऊन मी संध्याकाळी त्यांच्याकडं गेलो. ती माझी त्या घरातली शेवटची फेरी. मास्तर ओट्यावर काचकागद घेऊन बसले होते. वहिनी आत सुपात ज्वारी निवडत होत्या. मी हुकूम मास्तरांच्या हातात दिला. हुकूम अजून उर्दूतच होता. राज्य गेलं तरी कारकून तेच. मास्तरांनी तो दोनदा वाचला, नाव बघितलं, तारखा बघितल्या, मोहर उजेडाला धरून बघितली. कुठंच काही चुकलं नव्हतं. त्यांना काय करावं कळेना.

"काय हाय?" वहिनींनी विचारलं.

त्यांनी आत जाऊन मराठीत वाचून दाखवलं. वहिनी म्हणाल्या, परत वाचा. परत वाचलं. मुंसरिम कुठं लिहिलंय का त्यात, बघा नीट, म्हणाल्या. नाही, कुठं नाही, मास्तर म्हणाले. वहिनी सूप तसंच मांडीवर धरून बसून राहिल्या. मला वाटलं, रडतात. मला स्वतःलाही रडू येत होतं, लपवत नाही. मग त्यांनी मान वर केली आणि मी म्हटलं, आली आता आठ वर्षांची कथा.

"तवा गप बसले असते," त्या म्हणाल्या, "तर हे आठ वर्षं आधी मिळालं असतं का न्हाई?"

"मिळालं असतं," मास्तर म्हणाले. "पण त्या दिवशी अलगुजं बेसूर होती."

वहिनींनी सुपातला खडा शोधून बाहेर टाकला.

"ते मला काय सांगता?" त्या म्हणाल्या. "मला हितं चुलीपाशी ऐकू आल्ती."